शिलेदार, बारगीर आणि देवडींतल्या तीन गाड्या

गेल्या महिन्यांतील दुसऱ्या रविवारीं आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. अध्यक्षस्थानीं माझी वृद्ध चुलती, वय वर्षें ८४. सभासद म्हणजे घरांतील झाडून सारीं माणसें. आणि विषय एकच, पुतण्यानें चौथी मोटारसायकल घ्यावी कीं न घ्यावी. लग्न, मुंज आणि कर्ज या तीन कारणांखेरीज आमच्या घरीं अशी सभा भरल्याचें मला आठवत नाहीं. त्यावरून विषयाचें गांभीर्य वाचकांच्या ध्यानीं येईल.

आमच्या वाईच्या वाड्याच्या देवडींत पूर्वीं घोडा बांधीत असत, असें वडील माणसें सांगत. घोडा मीं पाहिलेला नाहीं. भिंतींतली लोखंडी कडी मात्र अद्याप जागेवर आहे. हल्लीं त्या कडींतून एक जाड साखळी ओवलेली असून तिच्या बंदोबस्तांत तीन मोटारसायकली उभ्या आहेत. पहिली जावा, माझ्या चुलत्यांनीं, म्हणजे तात्यांनीं, १९६९ सालीं घेतलेली. दुसरी १९८४ सालची बुलेट, ती पुतण्यानें दुसऱ्या हातची मिळविली. तिसरीहि त्याचीच, पांच वर्षांपूर्वींची, कळ दाबतांच सुरू होणारी. जी चौथी यावयाची होती ती यामाहा आर. एक्स. १००. हिचें उत्पादन १९८५ सालीं सुरू होऊन १९९६ सालीं थांबलें; आणि जी वस्तु आतां निघत नाहीं तिच्यासाठीं जीव टाकणें हा मनुष्यस्वभावच आहे.

पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. शनिवारीं रात्रीं वाईस येतो आणि रविवारीं दिवेलागणीच्या सुमारास परत निघतो. मीं त्याला एवढेंच विचारलें, "घ्यावयाची ती घेशील, पण चालविणार केव्हां?"

"काका, मनांत असलें कीं वेळ काढतां येतो."

वेळ हा विहिरींतून पाणी काढावें तसा काढतां येतो, ही समजूत तरुणांत फार आहे. माझी मास्तरकीची संवय अजून गेलेली नाहीं. मीं कागद मागविला आणि त्याच्याच हातीं पेन्सिल दिली. वर्षाचे रविवार ५२. त्यांतून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे १७ वजा. कारण आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस असा कोसळतो कीं हौसेखातर बाहेर पडणारास लोक वेडा म्हणतात. उरले ३५. त्यांतून लग्नकार्यें, श्राद्धपक्ष, दिवाळी, आजारपणें आणि कचेरीचें ऐन वेळीं उपटणारें काम मिळून ११ गेले. उरले २४. गाड्या तीन, म्हणजे एकीच्या वांट्याला वर्षाचे आठ रविवार. चौथी आली कीं सहा. बरें, रविवार म्हणजे अख्खा दिवस नव्हे. सकाळीं सहा ते नऊ एवढाच काळ. त्यांतला पाऊण तास निजलेल्या गाडीला जागें करण्यांत जातो. पुतण्यानें हिशेब दोनदां तपासला. चूक सांपडली नाहीं, तेव्हां म्हणाला, "पण आनंदाचा हिशेब असा कागदावर करतां येत नाहीं." हें खरें आहे, आणि मीं तें मान्य केलें. परंतु त्याच क्षणीं माजघराच्या दारांतून सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "त्या आठ रविवारीं अभ्यासाला बसतांना मुलगा विचारतो, बाबा घरीं आलेत तर दिसत कां नाहींत? तें कोणत्या रकान्यांत घालायचें?" सभेंत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक सुंदर शब्द आहे. आपण तो सरसकट 'उदरनिर्वाह' या अर्थानें वापरतों. पण पूर्वाचार्यांनीं त्याची फोड मोठ्या मार्मिकपणें केली आहे. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हें क्षेम. आमच्या पुतण्याचा योग बलवत्तर; क्षेमाच्या नांवानें मात्र शून्य. एकट्या त्यालाच दोष कां द्यावा? ज्यांचीं पानें फाडलेलीं नाहींत अशीं पुस्तकें माझ्याहि कपाटांत आहेत. फरक इतकाच कीं न वाचलेलें पुस्तक दहा वर्षांनीं उघडलें तरी उघडतें. न चालविलेली गाडी सहा महिन्यांनीं चालत नाहीं.

हें असें कां होतें तें मीं आमच्या मिस्त्रीपाशीं बसून समजून घेतलें. आणि ज्यांच्या घरीं असें वाहन पडून आहे त्यांस उपयोगीं पडेल म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमध्यें वाटीएवढें पेट्रोल सांचून असतें. गाडी उभी राहिली कीं त्यांतला उडून जाणारा भाग उडून जातो आणि मागें डिंकासारखा चिकट थर राहतो. त्या थरानें सुईच्या टोंकाएवढीं भोंकें बुजतात, आणि मग धनी किक मारून घामाघूम होतो. त्यांत हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. अर्धी रिकामी लोखंडी टाकी आंतून गंजूं लागते, आणि जुन्या रबरी नळ्यांना व वायसरांना तें मानवत नाहीं. बॅटरी न वापरतांहि आपली आपण उतरते आणि फार काळ उतरलेली राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर जो क्षार धरतो तो पुन्हा सुटत नाहीं. ज्या भागावर टायर टेकलेला असतो तो चपटा होतो. उंदीर तारा कुरतडतात तें निराळेंच.

यावर लोक एक उपाय करतात, तो रोगापेक्षां वाईट. आठवड्यांतून एकदां अंगणांत गाडी सुरू करावयाची, पांच मिनिटें फुरफुरूं द्यावयाची, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानें बंद करावयाची. पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून पाण्याची वाफहि निघते. यंत्र पुरें तापलें तर ती बाहेर पडते. नाहीं तर थंड पडल्यावर तिचें पाणी होऊन तें नळकांड्यांत आणि तेलांत उतरतें. म्हणून आमचा मिस्त्री म्हणतो कीं मेणवलीपर्यंत जाऊन येणें हें न जाण्यासारखेंच; तीन किलोमीटरांत यंत्राचे अंग ऊनसुद्धां होत नाहीं. निदान पसरणीचा घाट चढून पांचगणी गांठावी. पंधरवड्यांतून एकदां एवढें झालें तर गाडी प्रकृतीनें ठीक राहते. तें होणें नसेल तर तिला रीतसर निजवावी: टाकी काठोकाठ भरून, पेट्रोलची चावी बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत यंत्र चालवावें, बॅटरी काढून घरांत आणावी व महिन्याकाठीं भरून घ्यावी, गाडी मधल्या घोडीवर चढवून तिच्यावर जुनें सुती लुगडें टाकावें. प्लॅस्टिक टाकूं नये, त्याखालीं दमट हवा कोंडते.

पूर्वीं हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण पूर्वीं गाडीच मिळत नसे. 'जावा' हें नांव यानेचेक आणि वांडरर या दोन नांवांच्या आद्याक्षरांवरून १९२९ सालीं तेव्हांच्या चेकोस्लोव्हाकियांत बनलें. आपल्याकडे १९६१ सालापासून म्हैसूरच्या कारखान्यांत ती गाडी तयार होऊं लागली, १९७३ पासून 'येझदी' या नांवानें निघाली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. तात्या पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते. धोम धरणाचें काम चाललें असतां ते रोज याच जावेवरून जात-येत. ऊन असो, पाऊस असो, गाडीला सुटी नसे, आणि म्हणूनच तिला दुखणें नसे. मी तेव्हां शाळकरी पोर. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं तात्यांच्या मागें बसून धोमला जावयाचें, हें माझें परमसुख. जावेची एक मौज अशी कीं किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच; आंत दाबून वर फिरविला कीं किक, खालीं उतरविला कीं गिअर. तात्या म्हणत, घरांत माणसें जास्त आणि पाट कमी असले म्हणजे एका पाटानें दोन कामें करावीं लागतात तसें हें आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती जरा संकोचाची आहे. पण एकाहून अधिक गाड्या बाळगणारांनीं ती ऐकलीच पाहिजे. अनेक गाड्यांना पुरेसा वेळ न देणें यांत केवळ गाड्यांचें नुकसान असतें, असें मला पूर्वीं वाटे. गेल्या फाल्गुनांत तें मत बदललें.

हल्लींच्या सर्व मोटारसायकलींना गिअर डाव्या पायाशीं आणि ब्रेक उजव्या पायाशीं असतो. जावेचीहि मांडणी तशीच. जुनी बुलेट मात्र इंग्रजी वळणाची. तिचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. मी तिला थट्टेनें 'वामाचारी' म्हणत असें. शिवाय तिचा पहिला गिअर पाय वर उचलून पडतो आणि पुढचे सारे खालीं दाबून. पुण्यांत दोन महिने रोज नवी गाडी हांकल्यावर पुतण्यानें एका रविवारीं बुलेट काढली. जातांना कांहीं झालें नाहीं. पसरणीचा घाट उतरतांना एका वळणावर सायकलवरचा शाळकरी मुलगा एकाएकीं समोर आला. विचार करावयास वेळ नव्हता. अशा वेळीं बुद्धि गप्प बसते आणि पाय आपल्या संवयीनें वागतो. पुतण्यानें उजवा पाय जोरानें दाबला. तो ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडी तिसऱ्यावरून चौथ्यांत गेली, यंत्राचा जो काय अटकाव होता तोहि सुटला, आणि थांबावयाच्या ऐवजीं ती उतारावर मोकळी धांवूं लागली. त्यानें गाडी कठड्यावर घातली म्हणून पोर वांचलें. याचें मनगट मोडलें. शिरस्त्राण होतें म्हणून डोक्यास कांहीं झालें नाहीं.

त्या मुलाला मी ओळखत नाहीं; परंतु चाळीस वर्षें त्याच वयाचीं पोरें माझ्यासमोर बसत आलीं. त्या दिवशीं दवाखान्यांतून घरीं आल्यावर मला जेवण गेलें नाहीं. ज्याला दोन शिष्टाचार पाळावयाचे आहेत त्यानें दोन्ही नित्य घोकले पाहिजेत. सहा महिन्यांतून एकदां पोथी उघडणाऱ्यानें चारचौघांत संथा म्हणूं नये. पुतण्यानें स्वतःच आतां असा नेम केला आहे कीं बुलेट काढली कीं पहिला अर्धा तास कृष्णाकांठच्या मोकळ्या जागेंत नुसते गिअर आणि ब्रेक घोटावयाचे, आणि मगच रस्त्यावर यावयाचें. हा अर्धा तासहि त्याच तीन तासांतून जातो, हें ओघानेंच आलें.

तर सभेकडे परत येऊं. चौथ्या गाडीचा प्रश्न वरच्या हिशेबानें आणि सूनबाईंच्या एका वाक्यानें जवळजवळ निकालांत निघाला होता. पण बोलण्याच्या ओघांत त्याहून अवघड प्रश्न वर आला. जावेचें काय करावयाचें? पुतण्यानें सुचविलें कीं ती विकावी. आजकाल तिला चांगली किंमत येते आणि एका गाडीचे आठ रविवार मोकळे होतात. मुलगी, म्हणजे त्याची धाकटी बहीण, एकदम म्हणाली, "विकायची नाहीं." ती पांचगणीच्या एका शाळेंत शिकविते आणि रोज एस. टी. नें जाते-येते. आणि मग कोणीतरी विचारलें कीं विकावयाची तर कागद कोणाच्या नांवें आहेत?

कागद तात्यांच्या नांवें होते. तात्यांना जाऊन २०१७ पासून इतकीं वर्षें झालीं.

कायदा याविषयीं स्पष्ट आहे. गाडीचा मालक वारला तर वारसानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत गाडी आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज द्यावा. तात्यांना मूलबाळ नव्हतें. वारस एकट्या काकू. अर्ज त्याच वेळीं भरून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. पहिल्या वर्षीं 'वर्षश्राद्ध होऊं दे' म्हणाल्या, पुढें 'चष्मा सांपडत नाहीं' म्हणाल्या, आणि मग आम्हींच विचारणें सोडून दिलें. नोंदणीची मुदत संपली, विमाहि संपला. आणि तशा गाडीवर पुतण्या अधूनमधून फेरी मारून येत असे. ज्या घराच्या कर्त्यानें पिढ्यानपिढ्यांच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकविलें, त्या घराच्या देवडींतून मेलेल्या माणसाच्या नांवची, विम्याशिवायची गाडी रस्त्यावर येत होती! फाल्गुनांतला तो मुलगा या गाडीखालीं सांपडता, तर त्याच्या आईबापांना विम्याचा आधारहि मिळाला नसता. हें मीं सभेंत बोलून दाखविलें. माझा आवाज थोडा चढला असावा.

काकू इतका वेळ वाती वळीत होत्या. त्यांनीं विचारलें, "सही केली कीं गाडी विकणार का?"

मीं म्हटलें, "तें तुम्ही ठरवाल तें. पण गाडी उभी ठेवूनहि ती राहत नाहीं, काकू. ती आंतून गंजते आहे."

जुन्या मराठेशाहीची एक व्यवस्था मला त्या वेळीं आठवली, ती मीं सांगितली. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला दुसऱ्याच्या घोड्यावर स्वार व्हावें लागे तो बारगीर. एखाद्या शिलेदारापाशीं चार-सहा घोडे असत. तो सर्वांवर एकदम बसत नसे, आणि त्यांना दावणीला बांधूनहि ठेवीत नसे. एकावर स्वतः बसे, उरलेल्यांवर बारगीर बसवी. घोड्याला रपेट मिळे, बारगिराला चाकरी मिळे, आणि धनीपण शिलेदाराचेंच राही. कौटिल्यानेंहि अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण निराळें घातलें आहे, आणि त्यांत घोड्यांच्या चारापाण्याइतकाच त्यांच्या चाली आणि शिकवणीचा विचार आहे. नुसता तबेला भरला म्हणजे घोडदळ झालें असें त्याला वाटत नव्हतें.

काकूंनीं वातींचें ताट बाजूला सारलें. "बारगीर कोण?"

मुलीनें हात वर केला. अगदीं वर्गांत करतात तसा.

दोन बाजूंनीं विरोध झाला, तो येथें सांगण्यासारखा नाहीं. पन्नास वर्षांहून जुनी गाडी आणि घाटाचा रस्ता, एवढ्यावरून वाचक तो ताडतील. शेवटीं तडजोड अशी निघाली कीं मिस्त्रीनें चाकें, ब्रेक, वायर सारें नवें करून गाडी पास केल्याशिवाय ती घाटांत न्यावयाची नाहीं. आठवड्यांतून दोनच दिवस, आणि पावसाचे चार महिने मुळींच नाहीं. पुतण्यानें एक निराळी सूचना केली. २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत असलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. ऐकावयास भारदस्त; पण नियम पुढें वाचला तों अशी गाडी प्रदर्शन, शर्यतीवजा फेरी, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते, रोजच्या जाण्यायेण्यास नाहीं. काकू म्हणाल्या, "त्यांना गाडी नुसती पुसून ठेवलेली खपत नसे. साधीच नोंदणी करा." आणि त्यांनीं चष्मा मागितला. तो त्यांच्या कनवटीलाच होता.

नांव काकूंचें लागलें. साताऱ्याच्या तीन खेपा झाल्या, तपासणी झाली, विमा उतरला. आर. एक्स. १०० चा विषय पुतण्यानें काढलेला नाहीं; त्याचे रविवार आतां दोन गाड्यांत वांटले जातात आणि त्यांतील एक-दोन मुलाच्या अभ्यासालाहि सुटतात असें सूनबाई म्हणतात. मिस्त्री मात्र म्हणतो कीं तो अजून त्याच्याजवळ भाव विचारून जातो.

परवां गुरुवारीं मुलगी पहिल्यांदा जावेवरून शाळेस निघाली. देवडींतून गाडी बाहेर काढली, दांडा फिरविला, दुसऱ्या किकला यंत्र लागलें. निळसर धूर बोळांत पसरला. काकू ओसरीवर बसून होत्या. दिसत त्यांना आतां बेताचेंच. गाडी बोळाच्या तोंडाशीं वळून आवाज लांब जाईपर्यंत त्या मान कलती करून ऐकत राहिल्या. मीं जवळ जाऊन बसलों. मला वाटलें कांहीं तात्यांविषयीं बोलतील.

"तेल जास्त मिसळलंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळीं आली कीं प्लग काढून पुसायला सांग तिला."